आधी खाली उतर

गाडगेबाबांवर सात मिनिटं बोलून मी पहिलं बक्षीस मिळवलं, तोवर आयुष्यात मी एकदाही खराटा हातात धरलेला नव्हता. १९९२ सालची गोष्ट. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. बाबा कीर्तनाला उभे राहण्याआधी त्या गावाचे रस्ते स्वतः झाडायचे, हे मी इतकं रंगवून सांगितलं की परीक्षक वेळेची घंटा वाजवायलाही विसरले. चषक घेऊन मी खाली उतरलो, मित्रांनी उचलून घेतलं. मला पुढारी व्हायचं होतं. पुढारी म्हणजे जो पुढे असतो तो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ तेव्हा मला ठाऊक होता.

सभागृह रिकामं झालं तरी एक माणूस मागे राहिला होता. इतिहास शिकवणारे आमचे सर. राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे एनएसएसचे, कार्यक्रम अधिकारीही तेच होते. ते खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत होते. गडबडीत तिथंच राहिलेला चषक घ्यायला मी परत आलो होतो. मला पाहून ते म्हणाले, "बरं झालं आलास. या सतरंजीचं दुसरं टोक धर."

मी म्हणालो, "सर, शिपाईमामा करतील की."

"त्यांच्या मुलीला ताप आहे. मी त्यांना घरी पाठवलंय."

लांब सतरंजीची घडी एकट्यानं होत नाही. समोरच्याच्या हाताकडे बघत आपला हात हलवावा लागतो, दोघांनी एकाच वेळी ताण द्यावा लागतो. मला ते जमत नव्हतं. माझं टोक दर वेळी तिरकं जायचं आणि सर काही न बोलता पुन्हा उलगडायचे. भाषण चांगलं झालं, असं ते म्हणाले. मग विचारलं, "खराटा कशाचा बांधतात रे?"

मला सांगता आलं नाही. शेतकऱ्याच्या घरातला मी. आमच्या गोठ्यामागे तुराट्यांचा खराटा कायम उभा असायचा. आई रोज त्यानं अंगण आणि गोठा झाडायची. मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. सर हसले नाहीत, बोललेही नाहीत. "जानेवारीत शिबिराला ये," एवढंच म्हणाले.

शिबिर बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लहान गावात होतं. दहा दिवस, पन्नास मुलं. दिवसा पाझर तलावाच्या बांधाचं काम आणि रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. शाळेमागे चर खणून, भोवती तरटाचे आडोसे लावून संडास केले होते. रोज पहाटे त्यावर माती लोटायची, आडोसे नीट करायचे, पाण्याची टिपाडं भरायची. त्या कामाची पाळी लावलेली होती आणि तक्त्यावर पहिलं नाव सरांचं होतं. चौथ्या दिवशी माझी पाळी आली. पोटात दुखतंय, असं सांगून मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. पोट दुखत नव्हतं. मला किळस येत होती, आणि ज्या मुलांसमोर मी रात्री भाषण करायचो त्यांनी मला त्या अवस्थेत बघावं हे मला नको होतं.

माझी पाळी सरांनी केली. मला हे दोन दिवसांनी एका मित्राकडून कळलं. सरांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही त्यांची माफी मागितली नाही. समारोपाला पाहुण्यांसमोर मी श्रमप्रतिष्ठेवर बोललो. सर मागे उभे होते. इतरांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्या आठवणीनं आज तीस वर्षांनंतरही मला मान वर करवत नाही. मी खोटं बोलतोय हे त्या सभेत फक्त त्यांना आणि मला माहीत होतं, आणि त्यांनी ते माझ्याजवळच राहू दिलं.

त्याच वर्षी, म्हणजे १९९३ च्या ३० सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावोगाव विसर्जन आटोपून लोक उशिरा घरात जाऊन झोपलेले. आमच्या वसतिगृहातली लोखंडी कॉट भिंतीवर आपटली, तेवढ्यानं आम्ही जागे झालो आणि मैदानात पळालो. सकाळी रेडिओवर बातम्या यायला लागल्या. किल्लारी, सास्तूर, एकोंडी, राजेगाव. आमच्यातल्या कुणाची बहीण तिकडे दिलेली, कुणाचा मामा तिकडचा.

मी तासाभरात पोरं गोळा केली. "आत्ता निघायचं," म्हणून सरांच्या घरी गेलो. सर पायांत चप्पल घालत होते. म्हणाले, "तुम्ही थांबा. मी आधी जाऊन बघून येतो. तिथं काय लागतंय हे न विचारता पन्नास जण गेलो तर आपलंच ओझं त्यांच्यावर पडेल." आणि खांद्याला पिशवी अडकवून ते एकटे एसटीनं गेले. मला फार राग आला होता. भित्रे आहेत, असंही मी मित्रांजवळ बोललो. ते गेल्यावर मी रिक्षावर भोंगा लावून गावातून फेरी काढली आणि जुने कपडे गोळा केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ढीग छातीपर्यंत आला. वर्तमानपत्राच्या वार्ताहराला बोलावून त्या ढिगासमोर फोटोही काढून घेतला.

सर दुसऱ्या रात्री परत आले. कपडे चिखलानं माखलेले, आवाज बसलेला. बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबलेत, वर पाऊस लागलाय, म्हणाले. खिशातून त्यांनी एक कागद काढला. फावडी, घमेली, दोरखंड, कंदील, काड्यापेट्या, मीठ, मोठी पातेली, ताडपत्र्या. त्या यादीत कपडे नव्हते. ढिगाकडे त्यांनी पाहिलं. माझा चेहराही पाहिला असेल. म्हणाले, "हेही घेऊ. रात्री तिथं गारठा आहे." यादीतल्या वस्तू त्यांनी बाजारात उधारीवर उचलल्या. ती उधारी पुढे सहा महिने ते पगारातून फेडत होते, हे मला फार नंतर कळलं.

२ ऑक्टोबरला ट्रक निघाला. औसा सोडल्यावर सरांनी गाडी थांबवायला लावली आणि समोर बांधलेला कापडी फलक सोडायला सांगितला. मग आमच्या छातीवरच्या एनएसएसच्या बिल्ल्यांकडे बोट दाखवलं. त्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार, असं आम्हाला शिकवलेलं. "खिशात ठेवा. तिथं कुणाला दाखवायचाय?"

आम्हाला नेमून दिलेलं गाव अर्धं पडलेलं होतं. त्या भागातली घरं धाब्याची. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, लाकडी माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती चढवायची. उन्हात गार आणि थंडीत ऊबदार राहणारं ते घर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. सगळा पट्टा धरून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आकडा म्हणून मी तो पुढे कितीदा वाचला असेल, पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती एका पडक्या घराच्या कोनाड्यात तशीच उभी राहिलेली रॉकेलची चिमणी. तिची काच फुटलेली नव्हती.

ट्रक थांबला तशी माणसं धावत आली. मी कपड्यांच्या ढिगावर चढलो. मला वाटलं, आता आपली वेळ आली. ओरडून मी लोकांना शांत राहायला सांगत होतो आणि हाताला लागेल ते खाली फेकत होतो. साड्या, विजारी, फ्रॉक. लोक झेपावत होते. ज्यांच्या अंगात बळ होतं त्यांना दोन दोन कपडे मिळत होते. त्या रेटारेटीत एक म्हातारी पडली. लोक तिच्यावरून गेले. मी वरून पाहिलं, आणि खरं सांगतो, तरीही माझे हात फेकायचे थांबले नाहीत.

सरांनी फाळका वर ओढून कडी घातली. म्हातारीला उठवून ट्रकच्या सावलीत बसवलं, तिचं सोललेलं कोपर पाण्यानं धुतलं आणि स्वतःचा रुमाल बांधला. मग वर पाहून मला म्हणाले, "आधी खाली उतर."

मी उतरलो.

"वरनं टाकलेलं घ्यायला माणसाला वाकावं लागतं. परवापर्यंत ही माणसं दुसऱ्याला जेवू घालत होती." एवढंच ते बोलले. आवाज चढवलेला नव्हता. मग ते लोकांत जाऊन मातीतच बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "रात्री कोण कुणाजवळ झोपलं, कुणाचं लेकरू कुणाकडे आहे, हे कुणाला माहिताय?"

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. गावातली मोठी म्हणवणारी माणसं पुढे आली, पण त्यांनाही सांगता येईना. मागून एक बाई बोलली. तिशीची असेल. नवरा त्याच पहाटे गेलेला. "मला ठाव हाय, गुरुजी," ती म्हणाली. "मीच फिरतीया रातभर."

सरांनी माझ्या हातात वही दिली. "त्या सांगतील तसं लिही. मध्ये बोलू नकोस."

पुढचे तीन दिवस मी त्या बाईच्या मागे वही घेऊन फिरलो. कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कुणाला दिसत नाही, कोणती दोन पोरं कुणाचीच राहिली नाहीत, कोण मागायला लाजेल, कोण दोनदा मागेल, सगळं तिला तोंडपाठ होतं. "लिवा दादा," म्हणायची आणि थांबायची. माझं लिहून झालं की पुढे चालायची. कपडे तिनं बायकांकरवी निवडून घेतले. आमच्या शहरातल्या पातळ गुळगुळीत साड्या शेतात राबणाऱ्या बायकांच्या काय कामाच्या? त्यांच्या तिनं लेकरांसाठी झोळ्या करून घेतल्या. घरोघर जाऊन, हातात हात देऊन, एकेक वस्तू दिली गेली. एकदाही रेटारेटी झाली नाही. हजारांच्या सभेसमोर बोलू शकणारा मी त्या बाईचा लेखनिक झालो होतो, आणि त्या गावात माझा खरा उपयोग झाला तो त्या तीन दिवसांत.

जेवण व्हायचं तेव्हा सर आधी ट्रकच्या ड्रायव्हरला हाक मारायचे. ड्रायव्हर गाडीतच बसून असायचा, कुणाच्या लक्षातही यायचा नाही. "ते जेवले का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याला जे उरेल ते सर खायचे. एका रात्री काही उरलं नव्हतं. ते पाणी पिऊन झोपले. आम्ही मोजकेच होतो, म्हणून ते लक्षात आलं. नाही तर कळलंही नसतं.

त्यानंतर सरकारनं ५२ गावं नव्या जागी पूर्ण वसवली. आमचं ते गाव त्यात नव्हतं. ज्या शेकडो गावांत घरं तडकली होती पण उभी होती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आली. तीत गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. लोक आणि अधिकारी यांच्यातला दुवा. १९९५ च्या सुमारास सर मला एकदा तिकडे घेऊन गेले. कशासाठी ते सांगितलं नाही. गेलो तर तीच बाई एका घरासमोर उभी होती, आणि भोवती वीस-पंचवीस माणसं.

ती भिंत समजावून सांगत होती. आपली भिंत बाहेरनं एक दिसते, पण ती दोन असते. आतल्या अंगाची एक आणि बाहेरच्या अंगाची एक. मध्ये गोट्यांचा आणि मातीचा भराव. दोन्ही अंगांना धरणारा आरपार दगड घातलेला नसला, की हादऱ्यानं भिंत फुगते, आतलं अंग आत कोसळतं आणि बाहेरचं बाहेर. म्हणून जागोजाग भोक पाडून आरपार काँक्रीट घालायचं, आणि माळवदावरची माती कमी करायची. गवंडी भोक पाडत होता. तिनं एका म्हाताऱ्याला हात घालून बघायला लावलं. सर पुढे झाले आणि त्यांनीही हात घातला, खांद्यापर्यंत. पलीकडून एका पोरानं त्यांची बोटं धरली. सर खूप खूश झाले. तेवढं खूश झालेलं मी त्यांना क्वचित पाहिलं असेल.

एका पाहुण्या अधिकाऱ्यानं सरांना विचारलं, इथलं काम तुम्ही उभं केलंत का? सर म्हणाले, "नाही हो. मी फक्त वही आणली होती." आरपार दगड भिंतीत गेल्यावर वरून दिसतो तो त्याचा नुसता एक ठिपका. परतीच्या एसटीत मी तेच मनात घोळवत होतो.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर माझं काहीतरी भलं झालं, असा वाचणाऱ्याचा समज झाला असता. तसं झालं नाही. मी ग्रामसेवक झालो. भाषणं सोडली, कामही बरं करत होतो. पण माणूस शिकलेलं हळूहळू विसरतो, आणि खुर्ची त्याला त्यात मदत करते.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं. त्याच जिल्ह्यातल्या एका गावात मी होतो. गावाला दिवसाआड टँकर. टँकर विहिरीत रिता व्हायचा आणि मग शे-दोनशे बादल्या एकदम विहिरीत पडायच्या. पण विहिरीकडे जायच्या आधी तो माझ्या दाराशी थांबायचा. मी सांगितलं नव्हतं, ड्रायव्हर आपणहून थांबायचा. मी नको म्हणालो नाही. दोन टिपाडं भरून घ्यायचो आणि मनाची समजूत घालायचो की मला दिवसभर गावाचंच काम आहे, रांगेत उभा कधी राहणार?

मे महिन्यात सर अचानक आले. लातूरला कुणाकडे तरी आले होते, तिथून वाट वाकडी करून. सत्तरीला टेकलेले. बायकोनं तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला. अंगणात झाकण घातलेली दोन टिपाडं होती. सरांनी ती पाहिली.

"गावाला दिवसाआड ना?"

"हो सर."

त्यांनी वरूनच दोन घोट घेतले आणि तांब्या अलगद खाली ठेवला. थेंबही सांडू दिला नाही. "पुरे," म्हणाले. मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मुलांची चौकशी झाली. निघताना दारात चप्पल घालताना विचारलं, "पाण्याला तुमचा नंबर कितवा असतो?"

मला उत्तर देता आलं नाही. खराट्याच्या वेळी दिलं नव्हतं तसंच. त्या वेळी मला माहीत नव्हतं, या वेळी माहीत होतं. फरक तेवढाच.

त्या रात्री बायको म्हणाली, "दोन महिने झाले, शेजारणी माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हाला सांगायची सोय नव्हती." आम्ही दोघं उशिरापर्यंत अंगणात बसून राहिलो.

दुसऱ्या खेपेला मी टँकर दारावरून पुढे काढला. विहिरीजवळ बचत गटाच्या बायका होत्या. ट्रक, म्हातारी, वही, सगळं आठवत होतं. मी जमिनीवर बसलो आणि विचारलं, पाणी कुणाला आधी मिळायला हवं, हे कुणाला माहीत आहे? पहिल्यांदा कुणी बोललं नाही. माझ्यावरचा विश्वास गेला होता, तो मागून परत मिळणार नव्हता. बऱ्याच वेळानं एकीनं तोंड उघडलं आणि मग तासभर त्या सांगत राहिल्या, मी लिहीत राहिलो. यादी गावाच्या शेवटच्या वस्तीपासून सुरू झाली, जिथं एरवी नळाचं पाणीही पोचत नाही. मग आजारी माणसांची घरं. टँकरच्या नळीतून थेट घागरी भरायच्या, विहिरीत पाणी सोडायचंच नाही, हे त्यांनीच ठरवलं. ग्रामसेवकाचं घर कुठं लिहायचं, असा प्रश्न आला तेव्हा त्या गप्प बसल्या. मी शेवटच्या ओळीत लिहिलं. पहिल्या दिवशी आमच्यापर्यंत पाणी आलंच नाही. संध्याकाळी एक शेजारीण कळशी घेऊन आली आणि बायकोशी बोलत उंबऱ्यात बसली.

मी सरांना पत्र लिहिलं. शिबिरातलं पोट दुखत नव्हतं, हेही त्यात लिहिलं. तेवीस वर्षं उशिरा. त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यात पावसाची चौकशी होती, बायकोला आशीर्वाद होते. पोटाचा उल्लेख नव्हता.

आता सर अंबाजोगाईत मुलाकडे असतात. वय झालं. गेली दोन वर्षं माणसं ओळखत नाहीत. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो. पाया पडलो, नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, किल्लारी म्हणालो. ते बघत राहिले, हसले, पण ओळख पटली नाही. माझा हात मात्र त्यांनी धरून ठेवला होता. सूनबाईंनी पोहे आणून ठेवले. सरांनी ताटलीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि अस्वस्थ झाले.

"बाहेर गाडीत कुणी बसलंय का?"

"नाही सर. मी एकटाच आलोय. एसटीनं."

"ड्रायव्हर जेवला का?"

"सर, गाडी नाहीये. मी एसटीनं आलो."

ते ऐकेनात. हात सोडून दाराकडे बोट दाखवत राहिले. मी ताटली खाली ठेवली, उठलो, दार उघडून रस्त्यापर्यंत गेलो आणि दोन्ही बाजूंना पाहून आलो.